विहीर की चिकन? जीबीएसच्या नकाशावरचे ठिपके कसे वाचायचे



२०२५ च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा सिंहगड रोडला राहणाऱ्या वाचकांना नक्कीच आठवत असेल. साध्या सर्दी-खोकल्याचा पेशंटसुद्धा खुर्चीत बसता बसता आधी एकच प्रश्न विचारायचा, "डॉक्टर, ते जीबीएस पाण्यानं होतं की चिकननं?" मागे रांग लागलेली असायची, फोन वाजत असायचा. माझं उत्तर पाठ झालं होतं : "पाणी उकळून प्या आणि चिकन काही दिवस बंद ठेवा."

त्यातलं पहिलं वाक्य बरोबरच होतं. दुसऱ्याबद्दल आज लिहायचं आहे.

आमच्या भागात वर्षानुवर्षं चिकनचं दुकान चालवणारे एक गृहस्थ माझे जुने पेशंट आहेत. बीपी आणि शुगर, दोन्ही गोळ्यांवर नीट आटोक्यात. फेब्रुवारीत ते आले तेव्हा उपाशीपोटीची शुगर दोनशेच्या पुढे होती. दुकान जवळजवळ बंद पडलं होतं. ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सगळ्यांना चिकन बंद करायला सांगताय असं कळलं. तुमचं बरोबरच असेल. पण कशावरून म्हणता?"

माझ्या टेबलाशेजारी भिंतीवर भागाचा एक नकाशा लावलेला होता. वर्तमानपत्रांतून कळलेली आणि मी स्वतः पुढे पाठवलेले पेशंट राहतात ती ठिकाणं मी त्यावर लाल पेनानं मांडत होतो. मी तिकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या दुकानाभोवती ठिपके आहेत हे खरं. पण तुमच्या दवाखान्याभोवतीही तितकेच आहेत की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. गुलियन-बारे सिंड्रोम म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीनं आपल्याच मज्जातंतूंवर केलेला हल्ला. एरवी तो दुर्मीळ असतो, वर्षाला लाख लोकांमागे एखाद-दुसरा. बऱ्याचदा आधी एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो आणि त्या संसर्गांत सर्वांत बदनाम जिवाणू म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली काही साखरेची रेणूरचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखी दिसते. शरीर जिवाणूविरुद्ध अस्त्रं तयार करतं आणि ती चुकून आपल्याच वायरिंगवर पडतात. जुलाब बरे होऊन एक ते तीन आठवडे गेले की पायांत मुंग्या येतात, जिना चढवेना होतो, कमजोरी खालून वर सरकते. कॅम्पायलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजारांत एकालाच जीबीएस होतो. म्हणजे नकाशावरच्या एका ठिपक्यामागे जुलाब होऊन बरे झालेले कित्येक जण असतात आणि ते कोणत्याही नकाशावर येत नाहीत.

पुण्यात त्या जानेवारीत काही दिवसांतच दोन डझन संशयित रुग्ण पुढे आले आणि फेब्रुवारीअखेर आकडा दोनशेच्या वर गेला. नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी हा पट्टा सर्वांत जास्त होरपळला. यातली बरीच गावं २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्द आधी आली, पाण्याची नीट व्यवस्था मागाहून येत राहिली. नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं क्लोरीन मिसळून आसपासच्या वस्त्यांना मिळत होतं. शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, काहींत नोरोव्हायरस. खडकवासल्याच्या परिसरात पोल्ट्रीही आहेत आणि कोंबडीच्या आतड्यात कॅम्पायलोबॅक्टर मजेत राहतो, तिला त्याचा काही त्रासही होत नाही. म्हणजे संशयित दोन. विहीर आणि कोंबडी.

त्या आठवड्यात माझी भाची घरी जेवायला आली होती. तिनं संख्याशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि एका कंपनीत तेच काम करते. मी मोठ्या अभिमानानं तिला नकाशाचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "मामा, हा आजाराचा नकाशा नाहीये. माणसं कुठे राहतात याचा आहे."

मला जरा लागलं. पण ती बरोबर होती. जिथे दहा-दहा मजल्यांच्या सोसायट्या आहेत तिथे ठिपके जास्त पडणारच. तिथेच दवाखाने असतात, तिथेच चिकनची दुकानं, तिथेच शाळा आणि अमृततुल्य चहाची टपरी. ठिपक्यांना घेर काढून मध्ये काय आहे ते पाहिलं, तर चहावालाही आरोपी ठरेल.

"मग विहीर की चिकन, हे ठरवायचं कसं?" मी विचारलं. तिनं जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. पुढे जे लिहितो आहे ते त्या रात्री मला समजलेलं आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. खऱ्या रुग्णांचे पत्ते गोपनीय असतात, ते आमच्याकडे नव्हते आणि नसायलाच हवेत. म्हणून खालचे ठिपके आणि आकडे तिनं मला शिकवण्यासाठी बनवलेले आहेत. पुण्याच्या साथीचे निष्कर्ष म्हणून कृपया ते पुढे पाठवू नका.

समजा, आठ किलोमीटर लांब आणि सहा किलोमीटर रुंद असा भाग घेतला. त्यावर शंभर मीटर बाजूचे चौकोन आखले, तर ४८०० चौकोन होतात. त्यांतल्या ६० चौकोनांत रुग्ण आहे, बाकीच्यांत नाही. आता प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारायचा : तुझ्यात ठिपका आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही. अशा हो-नाहीच्या उत्तराची शक्यता काही कारणांवरून मांडायच्या पद्धतीला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात. ही पद्धत आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे. वय, बीपी, धूम्रपान यांवरून पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक येण्याची शक्यता सांगणारे तक्ते याच घराण्यातले. फरक एवढाच की इथे पेशंटच्या जागी नकाशावरचा चौकोन आहे, आणि वय-बीपीच्या जागी त्या चौकोनातली लोकसंख्या, विहिरीपासूनचं अंतर, पोल्ट्रीपासूनचं अंतर. जमिनीखाली सोनं किंवा तांबं कुठे सापडेल हे शोधणारे भूशास्त्रज्ञही हीच युक्ती वापरतात. एड्रियन बॅडली आणि रॉल्फ टर्नर यांनी सुरू केलेलं 'स्पॅटस्टॅट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, भाचीनं तेच वापरलं.

आता मॉडेल चांगलं की वाईट, हे कसं मोजायचं? इथे तिनं वापरलेला शब्द होता डेव्हियन्स. मी त्याला दंड म्हणतो.

मॉडेल प्रत्येक चौकोनाबद्दल एक शक्यता सांगतं आणि मग आपण खरं काय झालं ते पाहतो. मॉडेल म्हणालं, "या चौकोनात रुग्ण असण्याची शक्यता शंभरात एक," आणि तिथे खरंच रुग्ण नाही, तर दंड नगण्य, ०.०२. पण तिथे रुग्ण निघाला तर दंड ९.२१. मॉडेलनं निम्मी-निम्मी शक्यता सांगितली असेल, तर काहीही निघालं तरी दंड १.३९. छातीठोकपणे बोलून चुकणाऱ्याला जबर दंड, बिचकत बोलणाऱ्याला मध्यम आणि खात्रीनं बरोबर बोलणाऱ्याला जवळजवळ माफी. सगळ्या ४८०० चौकोनांचे दंड मिळवले की तो झाला त्या मॉडेलचा डेव्हियन्स. जितका कमी, तितकं मॉडेल आपल्या ठिपक्यांशी जास्त जुळतं. (आम्हा डॉक्टरांना असा दंड लागू केला तर दिवसाचा हिशेब काय निघेल, हा विचार त्या रात्री मनात आला आणि मी तो लगेच बाजूला सारला.)

पहिलं मॉडेल काहीच न जाणणारं. सगळ्या चौकोनांना सारखीच शक्यता, ४८०० मागे ६०. याचा दंड ६४५.

दुसऱ्या मॉडेलला फक्त लोकसंख्या सांगितली. दंड एकदम ५३१ वर आला. ११४ नी कमी! माझा भिंतीवरचा नकाशा बहुतेक हेच सांगत होता, की माणसं जिथे आहेत तिथे रुग्ण आहेत.

खरी तुलना इथून पुढे. लोकसंख्या आहेच, त्यात विहिरीपासूनचं अंतर मिळवलं. दंड ५३१ वरून ५१७. म्हणजे १४ नी कमी.

"झालं तर मग, विहीर!" मी म्हणालो.

"थांब मामा. मॉडेलला काहीही जास्तीचं सांगितलं तरी दंड थोडा कमी होतोच."

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा मी मॉडेलला विहिरीच्या जागी अगदी निरुपयोगी गोष्ट दिली, उदाहरणार्थ त्या चौकोनापासून माझ्या शाळासोबत्याच्या घरापर्यंतचं अंतर. तरीही दंड वाढणार नाही, किंचित कमीच होईल. जास्तीचं कारण हाताशी आलं की मॉडेल ते कसंतरी वळवून ठिपक्यांशी जुळवून घेतं. आपणही नाही का, एखादी गोष्ट घडून गेल्यावर कोणतंही कारण तिला चिकटवतो? सुदैवानं निरुपयोगी कारणानं किती घट होते याचा हिशेब माहीत आहे. असं एक निरुपयोगी कारण जोडलं, तर सरासरीनं दंड साधारण १ नं कमी होतो. ३.८४ पेक्षा जास्त घट नुसत्या योगायोगानं वीस वेळांत एकदाच होते. म्हणून एक कारण वाढवल्यावर दंड किमान ३.८४ नं उतरला तरच त्या कारणाकडे वळून बघायचं, हा रिवाज. दोन कारणं एकदम वाढवली तर उंबरठा ५.९९. लहान मॉडेल आणि त्यात काही जोडून केलेलं मोठं मॉडेल यांच्या दंडांतला फरक असा या उंबरठ्याशी ताडून पाहायचा, यालाच डेव्हियन्सचं विश्लेषण म्हणतात. जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न यांनी १९७२ मध्ये ते मांडलं. अट एकच : लहान मॉडेल मोठ्याच्या पोटात बसलं पाहिजे, आणि दोघांना ठिपके तेच, चौकोन तेच. एकाला शंभर मीटरचे चौकोन आणि दुसऱ्याला पाचशेचे देऊन दंडांची तुलना करणं म्हणजे एकाचं वजन चपलांसकट आणि दुसऱ्याचं चपला काढून घेण्यासारखं.

विहिरीनं दंड १४ नं उतरवला. योगायोगानं इतकी घट दहा हजारांत दोन वेळा होईल. म्हणजे दखल घ्यायलाच हवी.

आता कोंबडी. विहीर बाजूला ठेवली आणि लोकसंख्येत पोल्ट्रीपासूनचं अंतर मिळवलं. दंड ५३१ वरून ५२२. घट ९. हीसुद्धा ३.८४ च्या बरीच वर! मी पाहत राहिलो. कारण माझ्या डोक्यात जानेवारीपासून नेमकं एवढंच चाललं होतं. पोल्ट्री इथे, रुग्ण इथे, म्हणून चिकन बंद. मी माझ्या परीनं ९ चा आकडा पाहिला होता आणि तिथेच थांबलो होतो.

भाचीनं मग दोन्ही अंतरं एकदम घातली. दंड ५१६.२.

आता वाचा. लोकसंख्या आणि विहीर आधीच मॉडेलमध्ये आहेत (५१७), त्यात पोल्ट्री जोडली तर घट फक्त ०.८. एखादं निरुपयोगी कारणही शंभरात ३७ वेळा इतकी घट करून दाखवेल. उलट लोकसंख्या आणि पोल्ट्री आधीच आहेत (५२२), त्यात विहीर जोडली तर घट ५.८, उंबरठ्याच्या वर. म्हणजे तिनं बनवलेल्या या नकाशात पोल्ट्रीकडे जे बोट दाखवलं जात होतं, ते पोल्ट्री आणि विहीर एकाच बाजूला असल्यामुळे. पोल्ट्री विहिरीच्या सावलीत उभी होती. कोणतं कारण आधी विचारलं यावर उत्तर बदलतं, म्हणून "चिकनचा संबंध दिसला" अशी बातमी वाचली की मी आता विचारतो : कशाच्या जोडीला ठेवून दिसला?

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप कशाला, जॉन स्नोनं तर १८५४ मध्ये लंडनला नुसत्या ठिपक्यांवरून कॉलऱ्याचा पंप पकडला. आमच्या कॉलेजात आम्हालाही तसंच शिकवलं होतं. पण स्नोचं खरं काम ठिपक्यांनंतरचं आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाला अगदी खेटून एक दारूची भट्टी होती आणि तिथले कामगार कॉलऱ्यातून वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीत नव्हते. उलट लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई गेली, तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडत असल्यानं ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. त्या काळी सगळे म्हणत कॉलरा घाणेरड्या हवेनं होतो. हवा दोषी असती तर भट्टीवाले मरायला हवे होते आणि हॅम्पस्टेडची बाई जगायला हवी होती. म्हणजे स्नोनंही दोन स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवून कोणाचा अंदाज जास्त चुकतो तेच पाहिलं. दंडाचा हिशेब त्यानं हातानं केला, एवढंच.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधलंच, लँकशायरच्या चोर्ली भागातलं. तिथे कचरा जाळण्याची एक बंद पडलेली भट्टी होती. तिच्या आसपास घशाच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या कॅन्सरचे काही रुग्ण एकत्र दिसले आणि लोक घाबरले. १९७४ ते १९८३ या काळातले स्वरयंत्राच्या कॅन्सरचे ५८ रुग्ण नकाशावर मांडले गेले. लोकसंख्येचा अडथळा दूर करण्यासाठी त्याच भागातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ९७८ रुग्णांचे पत्ते तुलनेला घेतले. ही कल्पना मला फार आवडली : माणसं कुठे राहतात ते त्यांनाच सांगू दे. पीटर डिगल यांनी १९९० मध्ये हे गणित मांडलं आणि भट्टीजवळ धोका वाढल्याचा पुरावा मिळाला.

पण भट्टीवर संशय मुळात ठिपके पाहूनच आला होता. आधी बाण मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचं, असं झालं तर नेम नेहमीच अचूक निघणार. म्हणून दुसऱ्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या तशाच दहा भट्ट्या घेतल्या आणि त्या सगळ्यांच्या आसपास तोच प्रश्न विचारला. १९९२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं उत्तर आलं : भट्टीजवळ स्वरयंत्राचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर जास्त असल्याचं दिसत नाही. एका नकाशानं हो म्हटलं, दहा ठिकाणांनी दुजोरा दिला नाही.

भाचीला मी म्हणालो, मग आपल्या विहिरीवरही संशय ठिपके पाहूनच आला ना? तिनं मान डोलावली. पण इथे नकाशाबाहेरचे पुरावेही होते, शौचाच्या नमुन्यांतला जिवाणू आणि पाण्याच्या शुद्धीकरणातल्या त्रुटी. नकाशा एकटा साक्षीदार नव्हता.

आता माझी पाळी होती, कारण काही अडचणी डॉक्टरालाच दिसतात. पहिली म्हणजे पत्ता. रुग्ण किरकटवाडीत राहतो, पण पाणी पितो हिंजवडीच्या ऑफिसात आणि पाणीपुरी खातो डेक्कनला. नकाशावर त्याचा ठिपका मात्र घरी. दुसरी, शोधण्याची. जिथे घरोघर सर्वेक्षण झालं तिथे रुग्ण जास्त सापडणारच. जीबीएसमध्ये ही भीती थोडी कमी आहे, कारण हातपाय लुळे पडलेला माणूस सहसा हॉस्पिटलात पोचतोच. तिसरी, कुटुंबाची. हे गणित धरून चालतं की प्रत्येक चौकोनातला ठिपका स्वतंत्र आहे. गोवरात एका घरातून शेजारच्या घरात आजार जातो, तिथे हे गृहीत कोसळतं आणि फरक आहे त्यापेक्षा मोठा वाटू लागतो. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि बाधित हजारांत एकालाच होतो, त्यामुळे इथे ते बरंचसं चालून जातं.

चौथी अडचण मी सांगितली तेव्हा भाचीनं लॅपटॉप अर्धा मिटला. समजा पोल्ट्रीची घाण पावसाच्या किंवा ओढ्याच्या पाण्यातून विहिरीत उतरत असेल, तर? मग कोंबडी आणि विहीर हे दोन वेगळे आरोपी उरत नाहीत, एकाच वाटेवरचे दोन टप्पे होतात. अशा वेळी मॉडेलमध्ये विहीर घातली की पोल्ट्रीची घट ०.८ वर येणारच, कारण तिचा सगळा परिणाम विहिरीतूनच वाहतो आहे. "पोल्ट्री निर्दोष" हा अर्थ त्यातून निघत नाही. फार तर एवढं निघतं की पोल्ट्रीचा वेगळा, विहिरीला वळसा घालून जाणारा रस्ता या नकाशात दिसत नाही. दुकानात कापलेलं आणि घरी नीट शिजवलेलं चिकन हा असाच वेगळा रस्ता आहे आणि मी बंद केला होता तो हाच.

"हे गणित सांगणार नाही," ती म्हणाली. "हे तुलाच माहीत असायला हवं."

म्हणून माझा सल्ला मी बदलला आणि इथे तो लेखी देतो. पिण्याचं पाणी खळखळ उकळून, झाकून गार करून वापरा, विशेषतः टँकर, बोअर किंवा विहिरीचं असेल तर. जार आला म्हणजे पाणी शुद्ध, असं समजू नका. त्या दिवसांत काही खाजगी आरओ प्लांट महापालिकेनं बंद केले होते, ते उगीच नव्हे. चिकन खात असाल तर खा. आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत शिजवा. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, त्याचे शिंतोडे ओट्यावरच्या काकडी-टोमॅटोवर जातात. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. आणि जुलाब होऊन गेल्यानंतर काही दिवसांनी दोन्ही पायांत मुंग्या, चालताना पाय लटपटणं, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणं, चेहरा वाकडा होणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांतलं काहीही दिसलं तर उद्यापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लवकर सुरू झाले तर जास्त उपयोगी पडतात. बहुतेक रुग्ण हळूहळू पुन्हा चालू लागतात.

पुढच्या तपासणीला चिकनवाले आले तेव्हा नकाशा मी भिंतीवरून काढला होता. फिकट चौकोन उरला होता, त्याकडे त्यांचं लक्ष गेलंच. मी त्यांना कागदावर ५३१, ५२२, ५१७ आणि ५१६.२ लिहून सगळी कथा सांगितली. वर्षानुवर्षं तराजू हातात धरलेला माणूस, त्यांना घट वगैरे समजावून सांगावी लागली नाही. ०.८ वर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे मी सुटलो?"

मी म्हणालो, हे आकडे खरे नाहीत हो, माझ्या भाचीनं शिकवायला बनवलेले आहेत.

"मग खरे कोण काढणार?"

मी बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. १५८/९६ आलं. गोळी वाढवून दिली, महिन्यानं पुन्हा बोलावलं आणि निघताना माझ्या घरी रविवारसाठी एक किलो पाठवायला सांगितलं.